कोटेशनदादा

जनावरांच्या दवाखान्यात शिरलेला माणूस आधी आपल्या जनावराकडे बघतो. दादा आधी पाटीकडे बघतात. काचेच्या दारावर दवाखान्याच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्यांचा ते दर खेपेला मोबाइलवर फोटो काढतात. "असू द्यावा. उद्या बदलल्या म्हणजे?" मग पाय पुसतात, काउंटरवरच्या मुलीला खणखणीत "ग्र्युस गॉट" घालतात, आणि खुर्चीवर टेकून पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड फाइल काढतात. तिच्या पाठीवर मराठीत लिहिलंय : 'गुंड्या : आवक-जावक'. ज्याच्या नावाची ही फाइल, तो गुंड्या तोवर खुर्चीखाली शिरून, आपण इथे आलेलोच नाही असं स्वतःला पटवत पडलेला असतो.

दादांसारखे तुमच्याकडेही असतील. हॉटेलात बिल आलं की चष्मा बदलणारे, लग्नात केटररला बाजूला घेऊन "जिलबी परत किती गेली?" विचारणारे, डॉक्टरने लिहिलेल्या गोळ्या पाचाच्या तीन करून आणणारे. आमचे दादा त्सुफेनहाउझेनला असतात, एवढाच फरक. स्टुटगार्टच्या उत्तरेचा हा भाग जगाला पोर्शेच्या कारखान्यामुळे माहीत. आम्हा मराठी मंडळींना तो माहीत आहे तिथली घरं शहरापेक्षा थोडी स्वस्त आहेत असं दादांनी कधीकाळी सगळ्यांना पटवून दिलं म्हणून. दादा रोट भागात राहतात. हान्स शारौन या नावाजलेल्या वास्तुरचनाकाराने १९५०च्या दशकात बांधलेल्या 'रोमिओ' आणि 'ज्युलिएट' या दोन उंच इमारती त्यांच्या बाल्कनीतून दिसतात. पाहुण्यांना त्या दाखवताना दादा वास्तुकलेबद्दल अवाक्षर काढत नाहीत. "एकही खोली काटकोनात नाही म्हणे. कपाटं करायला किती खर्च आला असेल!" म्हणतात.

नोकरी एका सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या परचेसमध्ये. त्यामुळे 'ब्रेकअप' या शब्दाने बाकी जगाच्या पोटात गोळा येतो, दादांच्या चेहऱ्यावर मात्र तेज येतं. कुठलाही आकडा ऐकला की त्यांच्या तोंडून "याचं ब्रेकअप?" निघतंच. माल किती, मजुरी किती, नफा किती, सांगा. दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाचं ताट बारा युरोंना ठेवलं तेव्हा दादांनी चकलीचं ब्रेकअप मागितलं होतं, आणि चकली करणाऱ्या बाई त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या. दुसरं लाडकं वाक्य : "प्रश्न पैशाचा नाही." हे म्हटल्यावर ते पाण्याचा एक घोट घेतात आणि पैशाचा प्रश्न विचारतात.

अशा माणसाच्या घरी कुत्रा यायलाच नको होता. तो वहिनींमुळे आला. मुलगी शिकायला बर्लिनला गेली, घर खायला उठलं, आणि एका शनिवारी वहिनी दादांना "नुसतं बघून येऊ" म्हणून बोटनांगच्या प्राण्यांच्या आश्रयगृहात घेऊन गेल्या. नुसतं बघायला गेलेला माणूस तिथून मोकळ्या हाताने परतत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. लाटण्याला पाय फुटावेत तसा डाकेल जातीचा एक तांबूस कुत्रा दादांच्या बुटावर हनुवटी टेकून झोपला. मालक वारला होता. वय सात. दादांनी तिथल्या बाईंना विचारलं, "याची सर्व्हिस हिस्टरी?"

गुंड्या घरी आल्यावर दादांनी पहिलं काम केलं ते म्हणजे पालिकेत जाऊन त्याचा कर भरला. जर्मनीत कुत्र्यावर कर असतो, मांजरावर नसतो. ही तफावत दादांना अजून पटलेली नाही, पण भरल्याचा अभिमान आहे. गुंड्याला कोणी "हड्" म्हटलं तर दादा गंभीरपणे म्हणतात, "करदाता आहे तो."

दादांचं बालपण परळचं. वडील गिरणीत. चाळीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट इस्पितळ, म्हणजे ज्याला अख्खं गिरणगाव 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतं ते. चाळीतल्या वाघ्या नावाच्या कुत्र्याच्या पायावरून टांग्याचं चाक गेलं तेव्हा पाच-सहा पोरांनी त्याला गोणपाटावर घालून तिथे नेलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, एक पोरगा रडत होता त्याच्या हातावर गोळी ठेवली, लिमलेटची, आणि "पुढच्या आठवड्यात आणा रे" म्हणून सोडून दिलं. पैशाचं नाव नाही. जनावरांचा डॉक्टर म्हटला की दादांच्या मनात तेव्हापासून तो माणूस पक्का बसलेला आहे. त्या मापाने जगातला दुसरा कुठलाही पशुवैद्य लुटारूच ठरणार.

तर अशा दादांच्या हातात दवाखान्याचं पहिलं बिल पडलं. साधी तपासणी. बिलावर तारीख, 'कुत्रा', निदान, दरपत्रकातले क्रमांक, प्रत्येकापुढे रक्कम, खाली एकोणीस टक्के कर. दादा बराच वेळ बिलाकडे बघत राहिले. हा माणूस आयुष्यभर लोकांकडे ब्रेकअप मागत आला होता, आणि इथे ते न मागता मिळालं होतं. त्यांना संशय आला.

इथे थोडं दरपत्रकाविषयी सांगायला हवं, कारण दादा ते सगळ्यांनाच सांगतात. जर्मनीत जनावरांच्या डॉक्टरांनी काय घ्यावं हे डॉक्टर ठरवत नाहीत, केंद्र सरकारचं दरपत्रक ठरवतं. लोक त्याला 'गे-ओ-टे' म्हणतात. प्रत्येक कामाचा एक मूळ दर असतो. डॉक्टरला त्याच्या एकपट ते तिप्पट घेता येतं, आणि एकपटीच्या खाली यायची सहसा मुभाच नाही. कितीतरी वर्षं जवळपास तसंच राहिलेलं हे दरपत्रक २२ नोव्हेंबर २०२२ पासून नव्याने लागू झालं. त्या वेळचे कृषिमंत्री जेम ओझ्देमिर खुद्द स्टुटगार्टमधून निवडून आलेले, त्यामुळे आमच्या गावात ओरड जरा घरगुती सुरात झाली. साध्या तपासणीचा मूळ दर कुत्र्याला १३.४७ युरो होता आणि मांजराला ८.९८. नव्या दरपत्रकात दोघांनाही २३.६२. मांजर एका रात्रीत कुत्र्याच्या पंगतीला येऊन बसली. माझ्याकडे मांजर आहे, त्यामुळे दादांनी हा आकडा मला विशेष सहानुभूतीने ऐकवला होता.

पण दादांना वाढीपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. घासाघीस करायची सोय नाही! मूळ दराच्या खाली यायला डॉक्टरलाच कायद्याने बंदी. ज्याने रबराच्या वायसरमागे अर्धा सेंट पाडून घेतला म्हणून कंपनीने केक कापला होता, त्या माणसाला सांगायचं, की दर खाली येणार नाही. दादांनी रात्री जागून ते अख्खं दरपत्रक वाचून काढलं. जर्मन कायद्याची भाषा, हजारभर नोंदी, घोड्याच्या दातापासून मधमाश्यांपर्यंत. सकाळी वहिनींना म्हणाले, "सुंदर लिहिलंय."

त्यातच त्यांना ते वाक्य सापडलं. एकपट घ्यायचं की तिप्पट, हे ठरवताना डॉक्टरने कामाची अवघडता, लागलेला वेळ, वेळ कोणती, स्थानिक परिस्थिती यांच्याबरोबर प्राण्याची किंमतही लक्षात घ्यावी, असं दुसऱ्या कलमात म्हटलंय. पुढच्या खेपेला दादांनी फाइल उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुम्ही दीडपट लावलंय. प्रश्न पैशाचा नाही. पण गुंड्याची किंमत काय धरलीत?"

डॉक्टरीणबाई साठीच्या घरात. अस्सल श्वाबियन. हा प्रांत काटकसरीसाठी जर्मनीत इतका प्रसिद्ध, की सरकारी खर्चाची चर्चा निघाली तरी लोक श्वाबियन गृहिणीचा दाखला देतात. जिना झाडायची पाळी कोणाची हे ठरवणारी पाटी दर आठवड्याला एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते, असा हा मुलूख. बाईंनी गुंड्याच्या कानातून नजर न काढता उत्तर दिलं, "अनमोल धरली असती तर तिप्पट लावावं लागलं असतं. तुमच्यासाठी मध्यम धरली."

दादा घरी येईपर्यंत हसत होते. मला वाटतं, त्यांची त्या बाईंशी गट्टी तिथेच जमली, पण हे त्यांना कळायला पुढे बराच काळ गेला. तोवर ते प्रत्येक निदान बाळूकडून तपासून घेत राहिले.

बाळू म्हणजे दादांचा मामेभाऊ, कोरेगाव तालुक्यात जनावरांचा डॉक्टर. परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला तेव्हा होस्टेल मिळेपर्यंत तो दादांच्या खोलीवर होता. गॅलरीत झोपायचा आणि पहाटे उठून म्हशीची हाडं मोठ्याने पाठ करायचा. चाळीतल्या म्हाताऱ्यांना वाटे, पोरगा स्तोत्र म्हणतोय. हे कॉलेज १८८६ सालचं, हे दादांनी डॉक्टरीणबाईंनाही सांगून झालंय. बाई म्हणाल्या, स्टुटगार्टलाही १८२१ पासून पशुवैद्यकाची शाळा होती. दादांनी विचारलं, "आता?" "१९१२ मध्ये बंद पडली." "आमचं चालू आहे," दादा म्हणाले, आणि त्या दिवशीचं बिल त्यांनी एकही शंका न काढता भरलं.

दादांचा व्हिडिओ कॉल जायचा तो जर्मनीतली जेवणं आटोपल्यावर, म्हणजे भारतात मध्यरात्री. बाळूला त्याचं काही नव्हतं, म्हशी मध्यरात्रीच अडतात. एकदा तर तो खांद्यापर्यंत हात म्हशीत घालून उभा होता आणि गड्याने त्याच्यासमोर फोन धरला होता.

"बाळू, गुंड्या सुस्त वाटतोय."

"पाणी पितो का? रवंथ करतोय?"

"बाळू, कुत्रा आहे."

"हां हां. शेण कसं पडतंय?"

"बाळू!"

एवढ्यावर दादांचं समाधान व्हायचं. साडेसहा हजार किलोमीटरवरून, म्हशीच्या पोटातून दिलेलं मत, पण आपल्या माणसाचं, आणि त्यावर कर नाही. बाळूचं मत जवळजवळ दर वेळी डॉक्टरीणबाईंसारखंच निघायचं. दादा ते फाइलला लावायचे : 'सेकंड ओपिनियन : कोरेगाव : सहमत'.

शुक्रवारची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिचा मी अर्धा साक्षीदार आहे. आणीबाणीच्या वेळेचे दर हा दादांचा खास विषय. शुक्रवारी संध्याकाळी सहापासून सोमवारी सकाळी आठपर्यंत, आणि रोज रात्री, तातडीची सेवा द्यायची तर डॉक्टरला कमीत कमी दुप्पट आणि जास्तीत जास्त चौपट दर लावावा लागतो, वर पन्नास युरो आणीबाणी शुल्क. दादांनी हिशेब पाठ करून ठेवलाय : "रविवारी कुत्र्याला नुसतं टेबलावर ठेवायचे ११५ युरो ७२ सेंट. एरवी तेच २८ युरो ११. औषध वेगळं." कोणाकडे कुत्रा आलाय असं कळलं की बारशाला शुभेच्छा द्याव्यात तसं हे ते सांगून येतात. त्यामुळे शुक्रवारी दुपारनंतर गुंड्याने शिंकायचंही नाही, असा घरात अलिखित नियम होता.

तर शुक्रवार. संकष्टी की सत्यनारायण, असं काहीतरी होतं. वहिनींनी शिरा केला होता, मला खाली फोन करून बोलावलं होतं. मी वर पोचलो तर पातेलं जमिनीवर, गुंड्या पातेल्यात, आणि दादा दारात बूट घालतायत. बेदाणे! द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि किती खाल्ल्यावर, याचा काही नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला चार भोवतात. अलीकडे संशय टार्टारिक आम्लावर आहे. ते चिंचेतही असतं, म्हणजे आपली आमटीही संशयितांच्या यादीत. हे सगळं दादांना माहीत होतं, फाइलमध्ये 'निषिद्ध पदार्थ' असा वेगळा कप्पाच आहे. घड्याळात पाच वाजून छत्तीस मिनिटं.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी गाडीत मागे गुंड्याला धरून बसलो होतो. शुक्रवारी संध्याकाळी बी १० आणि बी २७ हे दोन्ही रस्ते तुंबलेले असतात, सगळं औद्योगिक स्टुटगार्ट एकदम घरी निघतं. दादा सिग्नलला उभे राहून एकदा घड्याळाकडे बघत, एकदा आरशातून गुंड्याकडे. चेहरा पांढरा पडलेला. "प्रश्न पैशाचा नाही," ते पुटपुटले, आणि पहिल्यांदाच त्यानंतर पैशाचं काही बोलले नाहीत. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती. दादा गुंड्याला उराशी धरून काउंटरकडे धावले आणि धापा टाकत म्हणाले, "बेदाणे! आणि नियमित तपासणीच्या वेळेत आणीबाणी शुल्क लागत नाही, चौथं कलम!"

काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "शुक्रवारी आम्ही सातपर्यंत असतोच."

ज्या पाटीचे दादांकडे इतके फोटो होते, तिच्यावर हे लिहिलेलं होतं.

गुंड्याला इंजेक्शन दिलं. अपोमॉर्फिन नावाचं औषध असतं, त्याने काही मिनिटांत उलटी होते. झाली. आणि मग मी जे पाहिलं त्यावर माझी मुलं अजून विश्वास ठेवत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले, चिमटा घेतला, आणि त्या आणि दादा दोघंही त्या ट्रेवर वाकून बेदाणे मोजू लागले. बाई एकेक उचलून कागदावर मांडत होत्या, दादा शेजारी पाच-पाचाचे गट करत होते.

"अकरा," बाई म्हणाल्या.

"साडेअकरा," दादा म्हणाले. "हा बघा, इथे अर्धा."

"एकूण किती होते?"

दादांनी वहिनींना फोन लावला, स्पीकरवर. "शिऱ्यात बेदाणे किती घातले होतेस?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग : "मोजून घालतात का हो कोणी बेदाणे? मूठभर घातले!"

दादांनी बाईंना भाषांतर करून सांगितलं. बाईंनी खेदाने मान हलवली. दादांनीही हलवली. दोन हिशेबी माणसांना त्या क्षणी वहिनींविषयी एकसारखंच वाईट वाटत होतं. पुढचे दोन-तीन दिवस मूत्रपिंडांच्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं, आणि त्या घरात आता शिरा बिनबेदाण्याचा होतो.

बाळूला हे कळल्यावर तो वेगळ्याच गोष्टीवर अडला. "दादा, तुझ्या त्या बाईला सरकारने लिहून दिलंय काय घ्यायचं ते. मला असा एक कागद आणून दे, फ्रेम करून रोज उदबत्ती ओवाळीन. माझ्याकडे जनावर वाचलं तर म्हसोबाने वाचवलं आणि मेलं तर डॉक्टरने मारलं. दोन्हीकडे फी माझीच बुडते. परवा एकाने फी म्हणून टोमॅटोचं क्रेट ठेवलंय. टोमॅटोला भाव असता तर तेही ठेवलं नसतं." दादा त्या रात्री बराच वेळ गप्प होते, असं वहिनी म्हणाल्या. परळच्या त्या डॉक्टरांना लिमलेटच्या गोळ्यांचे पैसे कोण देत असेल, असं काहीतरी मध्येच म्हणाले म्हणे. बैलघोडा धर्मादाय होतं, पगार देणारं कोणीतरी होतं, हे त्यांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

म्हणून संशय गेला असं समजू नका. संशयाने फक्त जागा बदलली. आता दादांचा रोख साखळी-दवाखान्यांवर आहे. युरोपात मोठ्या कंपन्या सुटे दवाखाने विकत घेत सुटल्यात. आनीक्युरा ही साखळी २०१८ मध्ये मार्सने घेतली. मार्स म्हणजे चॉकलेटवाली मार्स, आणि कुत्र्यामांजरांचं रॉयल कॅनिन खाणंही तिचंच. "कुत्र्याला विषारी काय?" दादा बोट वर करून विचारतात. "चॉकलेट! खाऊ कोणाचा? त्यांचा. दवाखाना कोणाचा?" या युक्तिवादात कुठेतरी गफलत आहे, पण ती दाखवेपर्यंत दादा ब्रिटनवर गेलेले असतात. तिथे २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने पशुवैद्यांच्या धंद्याची रीतसर चौकशी लावली, दर आधी सांगत नाहीत म्हणून. "बघा! त्यांच्याकडे गे-ओ-टे नाही!" ज्या दरपत्रकाला शिव्या घातल्या, त्याच्या बाजूने बोलताना दादांना पाहणं हा एक सोहळा असतो.

विमा त्यांनी घेतला नव्हता, हे सांगायला हवं. ऑपरेशनपुरता वेगळा विमा मिळतो. दादांनी सगळ्या कंपन्यांचा तक्ता केला होता. तक्ता इतका परिपूर्ण होत गेला की घ्यायचं राहूनच गेलं. मग एका रविवारी सकाळी गुंड्या उठला आणि मागचे पाय उठले नाहीत. डाकेल जातीत मणक्यातली चकती सरकणं इतकं नेहमीचं, की इथे त्या दुखण्याला त्या जातीचंच नाव पडलंय.

गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. वहिनी गुंड्याला गोधडीत घेऊन गाडीत बसल्या, आणि दादा गाडी सुरू करून परत वर गेले. फाइल आणायला. वहिनी मला नंतर म्हणाल्या, "आयुष्यात एवढा राग आला नव्हता हो मला." पण तिथल्या सर्जनने ती फाइल हातात घेतली आणि खुर्ची ओढून बसला. दात साफ करताना कुठली भूल दिली, किती दिली, जागा व्हायला किती मिनिटं लागली, बेदाण्यांच्या वेळचे मूत्रपिंडांचे आकडे, आठवड्यागणिक वजन. "हे कोणी ठेवलं?" त्याने विचारलं. मग अंदाजपत्रक दिलं. एमआरआय, शस्त्रक्रिया, मुक्काम, चार हजार युरोंच्या पुढे. निम्मे आधी. दादांनी ओळ न् ओळ वाचली, अगदी बोट लावून, आणि मग सर्जनला एकच विचारलं, "तुमचं कुत्रं असतं तर?"

"तर मी आत्ता बोलत बसलो नसतो."

दादांनी सही केली. बाहेर येऊन वहिनींना म्हणाले, "पन्नास टक्के अ‍ॅडव्हान्स घेतो. व्हेंडर पक्का आहे." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

गुंड्या चालतो. मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा उशिरा पोचतो, वळणावर जास्तच, पण पोचतो. अंतिम बिल आलं तेव्हा दादा टेबल मोकळं करून बसले आणि तासाभराने विजयी मुद्रेने उठले. चूक सापडली होती. एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे लावायचे राहिले होते. वहिनींनी देवाला हात जोडले, दादांनी फोन उचलला. तिथल्या हिशेब खात्यातल्या माणसाला, बिल कमी आलंय म्हणून तक्रार करणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असावं. त्याने तीनदा विचारलं, "तुम्हाला सूट हवी आहे का?" शेवटी सुधारित बिल आलं, ८३ युरो जास्तीचं. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. "तत्त्व आहे," दादा मला म्हणाले. "उद्या मी त्यांची चूक काढली तर त्यांनी ऐकायला हवी ना?"

गेल्या महिन्यात मी मांजराला टोचून आणायला गेलो तर दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता आणि आतल्या खोलीत दिवा होता. डॉक्टरीणबाईंना नवीन एक्स-रे यंत्र घ्यायचंय. त्याचं कोटेशन टेबलावर पसरलेलं, शेजारी भाड्याचा, पगारांचा, विजेचा कागद, आणि पलीकडच्या खुर्चीत दादा, चष्मा बदलून. बाईंनीच बोलावलं होतं म्हणे. टेबलाखाली गुंड्या बिनधास्त आडवा पसरलेला.

दादा एकेक आकडा वाचत होते आणि मध्येच मान वर करून बाईंकडे बघत होते. दवाखाना चालवायला महिन्याला काय लागतं ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असणार, कारण गे-ओ-टेविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. बाईंनी विचारलं, "महाग आहे का?"

"प्रश्न पैशाचा नाही," दादांनी पाण्याचा घोट घेतला. "पण हे इन्स्टॉलेशन म्हणून लावलंय ना, याचं ब्रेकअप मागा. आणि फोन मी करतो. तुम्ही फार सरळ आहात."